कला शिकलात, आता कोटेशन शिका

उद्योजकता शिबिरात वाटतात तो प्रकल्प अहवालाचा नमुना पाहिलाय कधी? कच्चा माल, यंत्रसामग्री, मजुरी, वीज, महिन्याचं उत्पादन, नगामागे भाव, असे रकाने असतात. नागपूरजवळच्या बुटीबोरीत पॅकिंगचं युनिट टाकणाऱ्याला किंवा मसाल्याची चक्की लावणाऱ्याला हा कागद कामाचा आहे, बँकेचा साहेबही तोच मागतो. आता हाच कागद नाटक बसवणाऱ्या, पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या किंवा लग्नाच्या फिल्म शूट करणाऱ्या पदवीधराच्या हातात द्या. कच्च्या मालाच्या रकान्यात तो काय लिहिणार? आणि ‘महिन्याचं उत्पादन’ म्हणून काय सांगणार, दीड नाटक?

दुसऱ्या टोकाला स्टार्टअपवाल्यांची शिबिरं. तिथे पिच डेक (म्हणजे धंद्याची कल्पना मांडणाऱ्या स्लाइड्स), गुंतवणूकदार, तीन वर्षांत दहापट वाढ. अशी वाढ एखाद्या ॲपची होऊ शकते. पाच जणांच्या नाट्यसंस्थेची किंवा दोघांच्या डिझाइन स्टुडिओची होत नाही, आणि व्हायची गरजही नसते. म्हणजे कला, नाट्य, संगीत, डिझाइन, चित्रपट शिकून बाहेर पडलेलं पोरगं या दोन्ही मांडवांत पाहुणंच.

या पदवीधरांना उद्योजकता शिकवायची तर सुरुवात बिझनेस प्लॅनपासून करू नये, असं माझं मत आहे. आधी चार गोष्टी यायला हव्यात: भाव सांगणं, हक्क विकणं, विसार घेणं आणि थकलेलं वसूल करणं. बाकीचं मागून शिकता येतं.

हा धंदा वेगळा का

सर्जनशील आणि सांस्कृतिक उद्योग म्हणजे नेमकं काय, याची सरकारी व्याख्या ब्रिटनने 1998 साली केली. माणसाच्या कल्पकतेतून आणि कौशल्यातून जे उभं राहतं आणि त्यावरच्या बौद्धिक हक्कातून ज्यात रोजगार तयार होतो, ते उद्योग. त्या यादीत जाहिरात, वास्तुरचना, हस्तकला, फॅशन, चित्रपट, संगीत, रंगभूमी, प्रकाशन, सॉफ्टवेअर असे तेरा प्रकार होते. पुढे संयुक्त राष्ट्रांनी 2021 हे वर्ष शाश्वत विकासासाठी सर्जनशील अर्थव्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. व्याख्येत लक्ष द्यायचं ते ‘बौद्धिक हक्क’ या शब्दांकडे. त्याकडे पुढे येतोच.

हे उद्योग साध्या दुकानदारीपेक्षा वेगळे वागतात. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड केव्हज यांनी या क्षेत्राचे काही गुणधर्म मांडले होते. त्यातला पहिलाच असा की काय चालेल हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. साबणाची मागणी मागच्या महिन्याच्या विक्रीवरून काढता येते. नाटक पाहून होईपर्यंत प्रेक्षकालाही माहीत नसतं की ते आपल्याला आवडणार आहे. त्यामुळे ‘बाजार सर्वेक्षण करा’ हा शिबिरातला ठरीव सल्ला इथे अर्धाच उपयोगी पडतो. लोकांना ‘तुम्ही असं नाटक पाहाल का’ विचारलं तर लोक हो म्हणतात, आणि प्रयोगाच्या दिवशी घरी बसतात.

सगळा खर्च पहिल्या प्रतीवर होतो, ही दुसरी गोष्ट. गाणं ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओ, वादक, मिक्सिंग हे सगळं लागतं. एकदा झालं की हजारावी प्रत जवळजवळ फुकट. जिवंत प्रयोगाचं मात्र बरोबर उलट आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये दाखवून दिलं की कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वीही चारच जण लागत होते आणि आजही चारच लागतात. बाकीच्यांचे पगार वाढत जातात, वादकांनाही ते द्यावे लागतात, म्हणून प्रयोग दरवर्षी महाग होत जातो. नाट्यसंस्था तोट्यात आहे म्हणजे तिचा कारभार गचाळ आहे, असं दर वेळी नसतं. गणितच तसं आहे. नागपूरच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात प्रयोग लावणाऱ्या संस्थेला आणि रेकॉर्ड केलेली गाणी विकणाऱ्याला एकच धडा शिकवून चालत नाही तो यामुळे.

तीन हजार की पंधरा हजार

आता मुद्द्याचं. उपयोजित कलेची पदवी घेतलेली एक मुलगी समजा. धरमपेठेत कॅफे काढणाऱ्या ओळखीतल्या माणसाने तिला लोगो आणि मेन्यूकार्ड मागितलं. ‘ताई, तुम्हाला तर पाच मिनिटांचं काम आहे, सांगून टाका नं काय ते!’ ती चाचरत तीन हजार म्हणते. तो अडीचवर आणतो. दोघंही खूश.

तिचा खरा भाव काढून पाहू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. राहणं-जेवण-घरात देणं धरून महिन्याला 18,000, म्हणजे वर्षाला 2,16,000. लॅपटॉप 72,000 चा, चार वर्षं टिकेल, तर वर्षाचे 18,000. सॉफ्टवेअर, इंटरनेट, फॉन्ट, प्रिंटचे नमुने महिन्याला 3,000, म्हणजे 36,000. पेट्रोल, मोबाइल, सटरफटर महिन्याला 2,000, म्हणजे 24,000. आरोग्य विमा 6,000. बेरीज बरोबर तीन लाख.

आता दिवस. वर्षातून 52 रविवार गेले. सण, आजारपण, घरातली लग्नं यांत पंचवीसेक गेले. उरले 288. पण हे सगळे कमाईचे नाहीत. कोटेशन पाठवणं, भेटायला जाणं, ‘साहेब बाहेर गेलेत’ ऐकून परत येणं, बिलासाठी फोन करणं, नवीन काही शिकणं, यात जवळपास निम्मे जातात. ज्याचे पैसे मिळतात असे दिवस दीडशे धरा. तीन लाख भागिले दीडशे: दिवसाला 2,000. यात नफा नाही आणि काम नसलेल्या महिन्यासाठी शिल्लकही नाही. ते पंचवीस टक्के चढवले की 2,500.

लोगो आणि मेन्यूकार्ड या कामाला तिला सहा दिवस लागतात. म्हणजे पंधरा हजार. अडीच हजारात तिने ते काम केलं तेव्हा उरलेले साडेबारा हजार तिच्या आईवडिलांनी त्या कॅफेवाल्याला अनुदान म्हणून दिले. त्यांनाही माहीत नाही, त्यालाही नाही.

मग तिने पंधरा हजारच मागावेत का? बाजार देत नसेल तर नाही मिळणार. पण आता तिला तळ माहीत आहे. ती काम कापू शकते: फक्त लोगो, दोन पर्याय, दोन दुरुस्त्या, मेन्यूकार्ड नंतर. किंवा ओळख म्हणून जाणूनबुजून सवलत देऊ शकते, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत वजा दाखवायची. पुढच्या वेळी तोच गिऱ्हाईक आला की मूळ आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. दुरुस्त्यांची संख्या लिहिणं तर सक्तीचंच समजा. ‘थोडं पॉप करा नं’ या वाक्याने नागपुरातल्या किती डिझायनरांच्या रात्री खाल्ल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवतो!

नेमकं काय विकलं?

दुकानातून खुर्ची विकत घेतली की खुर्ची तुमची. चित्र, गाणं, लेख, फोटो यांचं तसं नाही. वस्तू एक आणि तिच्यावरचा हक्क दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळे विकता येतात. भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यातल्या काही तरतुदी प्रत्येक कला पदवीधराला तोंडपाठ असायला हव्यात.

हक्क मुळात निर्मात्याचा असतो आणि तो काम तयार होताक्षणी मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामी येते. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आणि इथे एक मेख आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, चित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा ठरतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने ते आपल्या जाहिरातीत वापरण्याची परवानगी आधीच लिहून घ्यावी ती म्हणूनच. फ्रीलान्स लेखकाच्या लेखाला किंवा संगीतकाराच्या चालीला ही मेख लागत नाही. तिथे लिहून दिल्याशिवाय हक्क हलत नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी हवा आणि त्यावर सही हवी. व्हॉट्सॲपवर ‘ओके डन’ आलं म्हणजे हक्क गेला, असं समजू नका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशापुरता हे लिहिलं नसेल तर भारतापुरता. पुढचा माणूस तयार कराराचा कागद पुढे करतो, त्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द कुठे दडलेत ते आधी शोधायचं. सापडले तर त्यांचे पैसे वेगळे मागायचे. एका शाखेच्या भिंतीसाठी काढलेलं चित्र उद्या वीस शाखांच्या डब्यांवर छापलं जाणार असेल, तर भाव डब्यांच्या हिशेबाने ठरतो. काढायला लागलेले दिवस तेवढेच असले तरी.

2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना आणखी एक संरक्षण दिलं. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणं सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांना निर्मात्याला लिहून देताच येत नाही. दिला तरी ते लिहिणं टिकत नाही. शिवाय आपल्या कामावर आपलं नाव असावं आणि कुणी ते विद्रूप करू नये, हा निर्मात्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो. बावीस वर्षांची पोरगी आज सही करते तो कागद तिच्या नातवंडांच्या काळात जिवंत असू शकतो. यावर पदवीच्या तीन-चार वर्षांत निदान एक अख्खा दिवस खर्च व्हायला नको का?

पैसा कधी येतो

कलेच्या धंद्यात पैसा किती येतो यापेक्षा कधी येतो यावर जास्त जण आपटतात. आणि याचं शिक्षण घ्यायला नागपूरच्या मुलांना लांब जायची गरज नाही.

महालात चितार ओळीत जा, पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको; तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि बोलायला कुणाला फुरसत नसते. दोन-तीन महिने आधी जा. माती, तणस, बांबू, रंग यांचा खर्च तेव्हापासून सुरू झालेला असतो. मंडळाची मोठी मूर्ती विसार घेतल्याशिवाय कुणी हाती धरत नाही. घरगुती लहान मूर्तींचं तसं नसतं. त्या अंदाजाने करून ठेवाव्या लागतात आणि चतुर्थीच्या संध्याकाळी उरलेल्या मूर्तीला काही भाव नसतो. म्हणजे एकाच छपराखाली दोन व्यवहार: एक मागणीनुसार, गिऱ्हाइकाच्या पैशावर, दुसरा स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या जोखमीवर. पहिल्यातून दुसऱ्याची जोखीम झेलायची. गणपती झाले की दुर्गा, मग दिवाळीला लक्ष्मी. हंगामाला हंगाम जोडून वर्ष काढायची ही रीत व्यवस्थापनाच्या वर्गात कुणी फळ्यावर मांडली, तर मुलं वह्या भरून उतरवतील.

तीच गोष्ट झाडीपट्टीची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली ही रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि होळीच्या सुमारास निजते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे लागतात आणि गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवतात. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. मंडप, तिकीटविक्री, गर्दी जमवणं हे गावातल्या मंडळाचं काम. प्रेक्षक येतील की नाही ही जोखीम कंपनीने अशी वाटून टाकलेली असते. केव्हजसाहेब ज्या अनिश्चिततेबद्दल लिहितात तिच्यावर झाडीपट्टीने केव्हाच उपाय काढून ठेवलाय. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत; ती असेल त्या दिवशी नाटक लागतं, कारण पाहुणे गावात आलेलेच असतात. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. रात्रभर चालणारं, तिकीट काढून पाहिलं जाणारं मराठी नाटक आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे आणि आपली नाट्यशास्त्राची मुलं अनुदानाचे अर्ज भरतात. मी अनुदानाच्या विरोधात नाही. प्रयोगशील नाटकाला ते हवंच. पण तिकीट कसं विकलं जातं हे पाहून तरी यावं.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला जो बाजार भरतो, तोही सांस्कृतिक उद्योगच. पुस्तकं, मूर्ती, दिनदर्शिका, भीमगीतं. दूरदूरून आलेली माणसं परतीच्या पिशवीत पुस्तकं नेतात. आपला वाचक कोण आणि तो कोणत्या दिवशी कुठे असणार आहे, हे त्या स्टॉलवाल्या प्रकाशकांना पक्कं ठाऊक असतं.

आता वसुलीचं. ‘पैशाचं काय, पळून चाललो काय आम्ही?’ हे ऐकल्यावर कलावंत गप्प बसतो, कारण पैसे मागायची त्याला लाज वाटते. निदान कायद्याची बाजू माहीत असू द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा; ती ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर समजा की तो त्याचा धंदा करतोय. नोंदणीनंतर केलेल्या कामाचे पैसे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत मिळायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. उशीर करणाऱ्या कंपनीला सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत तो खर्च आयकरात दाखवताही येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की कंपन्यांचे लेखापाल एकदम गोड बोलू लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापला की त्यांना बरोबर कळतं. तरीही तक्रारीची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर साधा उपाय: निम्मे आधी, निम्मे मूळ फाइल देण्याच्या आधी. काम दाखवताना फिकट शिक्का मारलेली प्रत दाखवायची.

कंपनी बिलातून दहा टक्के कर कापून पैसे देते तेव्हा घाबरू नका. तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरलं की देय करात धरला जातो, जास्तीचा परत येतो. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेल्याशिवाय साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्जाचं थोडक्यात: मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज आहे. कॅमेरा, प्रिंटर, ध्वनियंत्रणा अशा दिसणाऱ्या वस्तूसाठी बँक ऐकते. ‘नाटक बसवायचंय’ यासाठी ऐकत नाही. नाटकासाठी कर्ज काढूही नये.

मग वर्ग कसा असावा

सरस सरस्वती या मूळच्या भारतीय संशोधिकेने मुरलेल्या 27 उद्योजकांना एक काल्पनिक धंदा सोडवायला देऊन ते विचार कसा करतात हे तपासलं. ही माणसं आधी ध्येय ठरवून मग साधनं गोळा करत नव्हती. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपण कुणाला ओळखतो, इथून ती सुरुवात करत. आणि किती मिळेल यापेक्षा किती बुडालं तर चालेल, हे आधी ठरवत. कलावंतांना हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांचं कामच तसं चालतं. त्यांना गरज असते ती बुडवायची रक्कम कागदावर लिहायची.

म्हणून मला तरी वर्ग असा हवा की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने वर दाखवला तसा स्वतःचा दिवसाचा भाव काढायचा. दुसऱ्यात खऱ्या गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवायचं आणि नकार आला तर तो वर्गात वाचून दाखवायचा. एखादी लहानशी निर्मिती, भित्तिचित्र असो की पन्नास खुर्च्यांचा प्रयोग, तिकीट लावून करायची. बिनपैशाचे पास बंद, मास्तरांनाही. शेवटी जमाखर्च चार्टर्ड अकाउंटंटसमोर ठेवायचा. गुण नाटकाला द्यायचे ते नाट्यविभागाने द्यावेत, इथे गुण हिशेबाला.

शिकवणारे कोण, हा खरा अडसर. वाणिज्यच्या प्राध्यापकांना नाटकाचं बजेट माहीत नसतं आणि नाटकवाल्यांना ताळेबंद. दोघांना एका टेबलाशी बसवायला महाविद्यालयाला फार खर्च नाही. त्यांच्या जोडीला चितार ओळीतला एखादा जुना मूर्तिकार, एखादा मंडप कंत्राटदार, कॉपीराइट समजणारा एखादा वकील आणि झाडीपट्टीच्या कंपनीचा व्यवस्थापक एकेक दुपार आले तरी पुष्कळ. सगळ्यांना मानधन द्यायचं, आणि तेही ठरवून, आधी सांगून. मूर्तिकाराला गणपतीच्या तोंडावर बोलवू नका. कंपनीच्या व्यवस्थापकाला वर्गात आणायचं तर दिवाळीच्या आत आणा. एकदा का पहिलं नाटक लागलं की होळीपर्यंत तो फोनही उचलायचा नाही.